पंचवीस किलो, अडीच मीटर

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याजवळ किंवा डोंबिवलीत मोठागावच्या रेतीबंदरावर एखादी जुनी फायबरची होडी ओढून ठेवलेली दिसली, तर तिच्या अंगावरची शेवाळाची रेघ जरूर बघा. होडी पाण्यात वर्षानुवर्षं कशी बसत होती, ते त्या रेघेत उमटलेलं असतं. नवं इंजिन बसवलं की ही रेघ हलते, आणि ती किती हलते हे कळल्यावर मी चकित झालो.

चाळीस अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड साधारण ७०-७५ किलोचं. तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक शंभरीला टेकतं, कारण त्यात झडपा आल्या, कॅमशाफ्ट आला, वेगळं ऑइल आलं. म्हणजे पंचवीसेक किलोंची भर. सहा मीटरची, माणसांसकट टनभर वजनाची होडी घ्या. हे २५ किलो तिच्या मधोमध ठेवले तर ती जेमतेम ३ मिलिमीटर खाली जाईल. समुद्राचं खारं पाणी सोडून पावसाळ्यात कल्याणकडच्या गोड्या पाण्यात आली, तरी तीच होडी तेवढीच खाली बसते! गोडं पाणी हलकं, म्हणून टनभर वजन तोलायला २४-२५ लिटर पाणी जास्त सारावं लागतं.

पण इंजिन मधोमध नसतं, ते टांगलेलं असतं पार मागच्या फळीला. होडी ज्या बिंदूभोवती पुढेमागे डोलते, तिथून ही फळी अडीच मीटर लांब. २५ गुणिले अडीच म्हणजे साडेबासष्ट, हा झाला पिछाडी खाली दाबणारा जोर. आता पिछाडी दीडेक सेंटीमीटर बुडते आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, सेंटीमीटरभर वर उचलली जाते. आकडा किरकोळ वाटतो, पण डेकवरचं पाणी बाहेर जायची छिद्रं तेवढ्यानेच पाण्याखाली जाऊ शकतात, मग पाणी उलटं आत येतं. एकदम वेग कमी केला की मागून येणारी स्वतःचीच लाट फळीवरून आत शिरते. वेगात असताना नाळ उडते, आपटते, पुन्हा उडते.

उपाय त्याच गुणाकारात आहे. २० किलोची बॅटरी आणि २४ लिटरची भरलेली पेट्रोलटाकी, तीही विसेक किलोंची, दोन्ही दीड-दीड मीटर पुढे सरकवा. ४० गुणिले दीड, साठ. हिशेब जवळजवळ फिटला, होडीवर एक किलोही न वाढवता! शिडाच्या गलबतांत तोल साधायला तळाशी दगडांचं नीरम भरत. १६५७ नंतर शिवाजी महाराजांचं आरमार ज्या कल्याणच्या खाडीत आकाराला येऊ लागलं, तिथल्या कारागिरांना तोलाचं हे गणित हातानेच कळत असणार.

टाकीचा मात्र वेगळा विचार करावा लागतो, कारण तिच्यातलं अठराएक किलो पेट्रोल वाटेत जळत जातं. मागे, दोन मीटरवर ठेवलेली टाकी रिकामी झाली की तोल छत्तीसने बदलतो. डोलण्याच्या बिंदूपासून अर्ध्या मीटरवर ठेवली तर फक्त नऊने.

इंजिनाआधी होडीच्या पोटात काय आहे ते तपासायला हवं. जुन्या होडीतला फोम पाणी पितो. एक घनफूट फोम पुरता भिजला तर त्यात २८ किलो पाणी असतं, नव्या इंजिनाच्या जादा वजनाहून जास्त. मागच्या फळीतलं प्लायवूड कुजलेलं असेल तर त्याचीही तीच गत, आणि त्यावर थर चढवून केलेली डागडुजी वजन वाढवते तेही नेमकं मागेच. म्हणून आधी सगळं कोरडं करून घ्यावं.

इंजिन विकत घेण्याआधी एक चाचणी बिनखर्चात होते. जुनं इंजिन उतरवायचं, नव्याच्या वजनाइतकी रेती गोण्यांत भरून त्या मागच्या फळीला टांगायच्या, होडी शांत पाण्यात सोडायची आणि दोन्ही टोकांना खडूने पाण्याची खूण करायची. मग बॅटरीच्या वजनाची गोणी पुढे सरकवत सरकवत जुनी रेघ जुळवायची. जिथे जुळेल, तिथेच बॅटरीचं खोकं बसवायचं.