आचारी, आचार्य आणि फंक्शनांची साखळी

मराठी ग्रंथसूची संगणकावर आली, की पहिली अडचण शोधाची येते. मलकपेठेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने ‘आचाऱ्यास’ हा शब्द टंकला, तर तो सूचीत असूनही सापडणार नाही, असे घडू शकते. कारण युनिकोडमध्ये हा अर्धा ‘र’ दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ‘ऱ’ हे वेगळे अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र वेगळे.

अशी रूपे एकसारखी करण्याचे काम सर्व्हरवर ‘मिडलवेअर’कडे सोपवता येते. आपला लेख संपादकाकडून जुळणीकडे आणि तेथून मुद्रितशोधकाकडे जातो. प्रत्येक जण आपले काम करून कागद पुढे सरकवतो. तसेच येथे. जावास्क्रिप्टच्या ‘एक्सप्रेस’ या चौकटीत (2010) प्रत्येक फंक्शनच्या हाती तीन गोष्टी येतात: विनंती, उत्तर आणि ‘नेक्स्ट’. काम झाले की ‘नेक्स्ट’ला हाक मारायची, मग पुढचे फंक्शन सुरू होते. उत्तरही दिले नाही आणि हाकही मारली नाही, तर विनंती तेथेच अडकते आणि वाचक वाट पाहत बसतो. ‘कोआ’मध्ये (2013) उत्तर त्याच साखळीतून उलट क्रमाने परतते, म्हणून प्रत्येक फंक्शनला जाताना आणि येताना अशी दोनदा संधी मिळते. ब्राउझरच्या बाजूला ‘रिडक्स’मध्येही (2015) अशीच साखळी असते.

साखळीत क्रम महत्त्वाचा. आपली दोन फंक्शने आहेत असे समजू: ‘एकरूप’ दुसऱ्या रीतीचा अर्धा ‘र’ पहिल्या रीतीत आणते, तर ‘छाटणी’ उरलेली अदृश्य चिन्हे काढून टाकते. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनांना देवनागरी नावे चालतात, म्हणून सरळ लिहू:

छाटणी(एकरूप(शब्द))

आतले फंक्शन आधी चालते, बाहेरचे नंतर. हाच क्रम उलटा करून पाहा:

एकरूप(छाटणी(शब्द))

आता जोडचिन्ह आधीच गेले. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘आचाऱ्यास’चे ‘आचार्यास’ झाले. ‘एकरूप’ला बदलण्याजोगे काही उरलेच नाही. स्वयंपाक्याला धाडलेले बोलावणे गुरुजींच्या दारी पोहोचले! दोन्ही फंक्शने आपापल्या जागी निर्दोष आहेत, संगणकही कोणती चूक दाखवत नाही. दोष केवळ क्रमाचा.

जावास्क्रिप्टमध्ये 2015 पासून ‘नॉर्मलाइझ’ ही तयार सोय आहे. पण युनिकोडने जी रूपे समान ठरवली आहेत, तेवढीच ती एक करते. अर्ध्या ‘र’च्या या दोन रीती त्यांत नाहीत. ‘अ’वर चंद्र देऊन लिहिलेला ‘ॲ’ आणि एकाच अक्षराचा ‘ॲ’ यांचेही तसेच. हे नियम आपल्यालाच लिहावे लागतात, आणि सूचीतल्या शब्दांना व शोधायच्या शब्दाला, ब्राउझरमध्ये व सर्व्हरवर, ते त्याच क्रमाने लावावे लागतात. कोणती दोन रूपे एक आणि कोणती भिन्न, हे मात्र प्रोग्रामरला मराठीच्या शिक्षकानेच सांगायला हवे.