पुलाचे पाय

वाचकहो, दिल्लीस गेलात तर यमुनेवरील जुना लोखंडी पूल अवश्य पाहा. वरून रेल्वे व खालून रस्ता अशा दुमजली रचनेचा हा पूल १८६७ साली खुला झाला. १३ जुलै २०२३ रोजी येथे यमुनेची पातळी २०८.६६ मीटर झाली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. वाहतूक थांबवावी लागली; पण पूल जागचा हलला नाही.

याचे रहस्य वाळूखाली आहे. पुलाचे खांब खोल उतरविलेल्या विहिरींवर उभे आहेत. नदीच्या वाळूवर गोल, पोकळ व अतिशय जड बांधकाम करावयाचे आणि त्याच्या पोटातील वाळू उपसत जावयाचे. वाळू निघते तसतसे ते आपल्याच भाराने खाली बसते. मग त्यावर आणखी बांधावयाचे. आग्र्यास यमुनाकाठी ताजमहालाच्या पायातही अशाच विहिरी आहेत. पूर्वी त्या विटा-दगडांच्या असत; आता काँक्रीटच्या ओततात.

आपल्या गावच्या ओढ्यावर साकव घालतानाही हाच धडा उपयोगी पडतो. दोन्ही काठांवर काँक्रीटचे मोठे ठोकळे ओतले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. एक घनमीटर काँक्रीटचे वजन सुमारे २,४०० किलो भरते. परंतु ठोकळा पाण्यात बुडाला की त्याचा भार जवळजवळ १,४०० किलोच उरतो. शिवाय पूर ठोकळ्याला क्वचितच ढकलतो. तो त्याच्या बुडाखालची माती धुऊन नेतो. मग ठोकळा कलतो आणि त्यावरून शाळेस जाणाऱ्या मुलांचा जीव धोक्यात येतो.

म्हणून प्रथम खड्डा खोल घ्यावा. कातळ किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत खणावे. एवढे वजन चार माणसांना उचलणार नाही, तेव्हा उन्हाळ्यात ओढा कोरडा असताना फर्मा जागेवरच उभारून ठोकळा ओतावा. एक भाग सिमेंट, दोन भाग स्वच्छ वाळू व चार भाग खडी हे प्रमाण राखावे. कालवणे सोपे जावे म्हणून जादा पाणी घातल्यास काँक्रीट दुबळे होते. एक ठोकळा एकाच बैठकीत पुरा करावा व माल चांगला ठोसावा, म्हणजे आत पोकळी राहत नाही.

पुढची जबाबदारी घरच्या मंडळींनीही उचलण्यासारखी आहे. दिल्लीकडील लूसारख्या कोरड्या वाऱ्यात ताजे काँक्रीट लवकर सुकून तडकते. त्यावर ओली गोणपाटे पसरून निदान दहा दिवस ती भिजती ठेवावीत. पुरा भार मात्र अठ्ठावीस दिवसांनंतरच द्यावा.

खणण्यापूर्वी जिल्हा परिषदेच्या अभियंत्यास जागा दाखवा, पुराची जुनी खूण गावातील वृद्धांना विचारा आणि पुलाची उंची तीहून वर धरा. दरवर्षी पावसाळा सरला की ठोकळ्यांच्या बुडाशी जाऊन माती धुपली आहे काय, हे पाहण्यास विसरू नका.