चमच्याने कोरलेलं दार

सिनेमाच्या नावातच शेवट फोडलेला आहे: मृत्युदंड झालेला एक कैदी निसटला. तरीही फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँचा हा १९५६ चा चित्रपट दीड तास खुर्चीत खिळवून ठेवतो.

लियाँच्या मोंल्युक तुरुंगात जर्मनांनी डांबलेला फोंतेन चमच्याला धार लावतो आणि दाराच्या फळ्यांमधले सांधे कोरत बसतो. खरखर, खरखर. जिन्यावर बूट वाजले की हात थांबतो. पहारेकरी दिसतात थोडे, ऐकू येतात फार. कानाने काम भागत असेल तर डोळ्यांना कशाला त्रास द्यायचा, असा ब्रेसाँचा हिशोब. गोष्ट आंद्रे दविन्यी या सैनिकाच्या खऱ्या पलायनाची. ब्रेसाँनेही महायुद्धात जर्मनांची कैद भोगली होती.

मूळचा तो चित्रकार. १९४३ ते १९८३ या चाळीस वर्षांत त्याने पूर्ण लांबीचे चित्रपट केले अवघे तेरा. पहिल्या दोनांत व्यावसायिक नट होते. पुढे त्याने नटांनाच रजा दिली. अभिनयाचा गंधही नसलेली माणसं तो निवडायचा, त्यांना ‘मॉडेल’ म्हणायचा आणि बोलण्यातला भाव पार झडेपर्यंत तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही माणसं पाठांतर म्हटल्यासारखी काय बोलतात? वाटणारच. पण थोड्या वेळाने नजर चेहऱ्यांवरून हातांवर उतरते. ‘पिकपॉकेट’मध्ये (१९५९) तर हातच नायक आहेत. रेल्वे स्टेशनवरच्या गर्दीत पाकिटं या हातातून त्या हातात अशी सरकतात की चोरी नव्हे, नाच वाटावा. हात शिकवायला कासागी नावाचा हातचलाखीतला उस्ताद होता. पडद्यावरही तो दिसतो. १९६६ मध्ये ब्रेसाँला बहुधा सर्वांत आज्ञाधारक मॉडेल मिळालं: ‘बाल्थाझार’ नावाचं गाढव!

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले कुमार शहानी फ्रान्समध्ये ब्रेसाँचे सहायक होते, तर त्याच इन्स्टिट्यूटमधले मणी कौल ‘उसकी रोटी’ या चित्रपटापासून त्याच्या वाटेने चालले.

१९८३ मध्ये टॉलस्टॉयच्या कथेवरचा ब्रेसाँचा ‘लार्जां’, म्हणजे ‘पैसा’, कान महोत्सवात दाखवला गेला. ऑर्सन वेल्सच्या हातून पुरस्कार घ्यायला एक्क्याऐंशी वर्षांचा ब्रेसाँ मंचावर आला, तेव्हा टाळ्यांत हुर्योही मिसळली होती. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’वर सिनेमा करायचं त्याच्या मनात फार वर्षं होतं. ते राहूनच गेलं.