गुठळी की गाठ?

जिना चढताना दम लागतो, छातीत दुखतं, कधी खोकल्यातून रक्तही पडतं. डॉक्टर सीटी पल्मनरी अँजिओग्राफी करायला सांगतात. म्हणजे काय, तर हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडायचं आणि ते फुप्फुसाच्या धमनीत पोहोचताच स्कॅन करायचा. स्क्रीनवर धमनी पांढरीशुभ्र दिसते. त्या पांढऱ्यात मध्येच करडा डाग दिसला की निदान ठरलेलं : पल्मनरी एम्बोलिझम, अर्थात फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

पण अगदी क्वचित तो डाग गुठळीचा नसतोच! तो असतो पल्मनरी आर्टरी सार्कोमा, धमनीच्या आतल्या बाजूने वाढणारा कॅन्सर. मँडेलस्टॅम यांनी १९२३मध्ये त्याची पहिली नोंद केली, तीही शवविच्छेदनानंतर.

खरा घोळ पुढे आहे. गुठळी समजून पेशंटला रक्त पातळ करणारी औषधं सुरू होतात. गुठळी असेल तर ती हळूहळू कमी होते. गाठ कशी होईल? आठवडे जातात, महिने जातात, दम वाढतच जातो. वर औषधामुळे रक्तस्रावाचा धोका, तो वेगळाच.

मग ओळखायचं कसं? त्याच सीटीत खुणा असतात, फक्त शंका घेणारी नजर हवी. गुठळ्या बहुधा पायाच्या शिरांमधून वाहत येतात आणि फुप्फुसाच्या फांद्यांमध्ये अडकतात. गाठ मात्र बऱ्याचदा मुख्य धमनीतच ठाण मांडते, ती पूर्ण भरून टाकते, फुगवते, कधी भिंत ओलांडून बाहेरही पसरते. तिची कडा उंचसखल, फुगीर दिसते.

शंका आली की पेट स्कॅन. यात किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात. कॅन्सरच्या पेशी ते अधाशासारखं ओढून घेतात आणि तो भाग चमकतो. गुठळी सहसा चमकत नाही. एमआरआयमध्येही असंच. गाठीला स्वतःचा रक्तपुरवठा असतो, म्हणून गॅडोलिनियम दिल्यावर ती उजळते. काही गाठी पेटलाही चकवतात, त्यामुळे शेवटचा शब्द बायोप्सीचाच.

हल्ली सीटीतली गुठळी शोधून देणारी एआय सॉफ्टवेअर्स आली आहेत. कौतुक आहेच. पण इतक्या दुर्मीळ गाठीचे स्कॅनच मुळात मोजके, मग मशीन शिकणार कशावरून?

एवढा आटापिटा कशासाठी? गाठ वेळेत कळली, तर सर्जन धमनीच्या आतल्या अस्तरासकट ती काढू शकतात. पूर्ण बरं होण्याची खात्री नसते, पण आयुष्य वाढू शकतं.

तुमच्या घरात कुणी अशी औषधं घेत असेल, तर ती मनाने बंद करू नका हं. त्रास कमी होत नसेल, तर डॉक्टरांना स्कॅन पुन्हा बघायला सांगा. आणि जुन्या स्कॅनची सीडी रद्दीत टाकू नका. आधीचा डाग आणि आजचा डाग शेजारी ठेवले, की तो वाढलाय का हे लगेच दिसतं.