वर्गणी आपली, चर्च कुणाचं?

चिंचपोकळीहून गाडी दक्षिणेला निघाली की पुढचं स्टेशन भायखळा. या टापूत दोन इतिहास शेजारी वाढले. एक लाल बावट्याचा: १९२८ च्या संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि १९५७ मध्ये मध्य मुंबईने श्रीपाद अमृत डांगे यांना लोकसभेत पाठवलं. दुसरा, भायखळा-नागपाड्यातल्या अमेरिकन मराठी मिशनचा. कम्युनिस्ट राजवटीने प्रॉटेस्टंट चर्च ताब्यात घेतलं ते दूर चीनमध्ये, पण त्यासाठी वापरलेलं सूत्र याच मिशनच्या मुख्य कचेरीतून निघालं होतं.

मिशनची सुरुवातच सरकारी मनाईने झाली. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. गव्हर्नर इव्हान नेपियन यांच्याशी बरीच ओढाताण झाल्यावर त्यांना राहू दिलं गेलं. अँग्लिकन चर्चची गोष्ट उलट. १८३७ पासून मुंबईचा बिशप राजसत्ता नेमायची, त्याचा पगार सरकारी तिजोरीतून निघायचा, आणि ही गाठ सुटायला १९३० उजाडलं. धर्मावर सरकारची मालकी ही एकट्या कम्युनिस्टांची कल्पना नव्हे, हे आधीच नोंदवलेलं बरं.

१८५४-५५ मध्ये या मिशनची मुख्य कचेरी असलेल्या बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन मुंबई आणि अहमदनगरची पाहणी करायला आले. इंग्रजी शाळांवर पैसा घालण्यापेक्षा देशी भाषा, देशी पाळक आणि गावोगावच्या मंडळ्या यांवर भर द्या, असा त्यांचा आग्रह होता. मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, खर्च आपण उचलावा, प्रसार आपण करावा. लंडनमध्ये तिथल्या मिशनरी संस्थेचे सचिव हेन्री व्हेनही याच सुमारास हेच सांगत होते. १९२० पासून चिंतामणीचा उत्सव भरवणाऱ्या चिंचपोकळीला यातली मेख समजावून सांगायला नको: वर्गणी ज्यांची, शब्द त्यांचा.

मराठी ख्रिस्ती समाजात स्वतःच्या पायावर उभं राहण्याची ही ओढ सर्वांत ठळक दिसते ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांमध्ये. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तिथे जागा होती. मिशनमधल्या अनेकांना हे पटलं नसेल, पण टिळकांना कुणी तुरुंगात घातलं नाही. मिशनपासून दूर होण्याची ही मोकळीक मला फार मोलाची वाटते, कारण चीनमध्ये नेमकी तीच हिरावली गेली.

१९५० मध्ये पंतप्रधान चौ एन-लाय यांनी प्रॉटेस्टंट पुढाऱ्यांना भेटीला बोलावलं. वायएमसीएमध्ये काम केलेले वू याओझोंग पुढे झाले. साम्राज्यवादाशी संबंध तोडण्याची शपथ असलेला जाहीरनामा निघाला आणि त्यावर लाखो ख्रिस्ती लोकांच्या सह्या झाल्या. कोरियाच्या युद्धात परदेशी पैसा बंद पडला, १९५१ मध्ये आपल्याच पाळकांवर जाहीर आरोप करण्याच्या सभा भरल्या, आणि १९५४ मध्ये ‘त्रि-स्वयं देशभक्त चळवळ’ रीतसर स्थापन झाली. कारभार, खर्च आणि प्रसार ही तिन्ही कलमं अँडरसन-व्हेन यांचीच होती. वू यांची तळमळ खोटी होती असं मी म्हणणार नाही. तोफांच्या धाकाने झालेल्या तहांच्या आडोशाने मिशनं चीनमध्ये शिरली होती, आणि तो सल खरा होता. पण परक्यांच्या हातातली किल्ली मंडळीच्या हाती आलीच नाही, ती पक्षाकडे गेली. १९५८ मध्ये पंथ एकत्र करून उपासनेच्या जागा कमी केल्या गेल्या. साठाहून अधिक चर्चं असलेल्या पेकिंगमध्ये चार उरली. १९६६ नंतर तीही बंद.

वांग मिंगदाव यांची कहाणी वाचून मी सर्वांत अस्वस्थ झालो. त्यांनी पेकिंगमधलं आपलं चर्च परदेशी मिशनचा पैसा न घेता उभं केलं. जपानी अमलात सरकारप्रणीत चर्चसंघात जायला त्यांनी नकार दिला होता. म्हणजे त्रि-स्वयं खऱ्या अर्थाने जगलेला हा माणूस. नव्या चळवळीलाही त्यांनी नकार दिला आणि १९५५ मध्ये त्यांना अटक झाली. मध्ये थोडा काळ सुटका झाली, तीही कबुलीजबाब लिहून दिल्यावर. तो मागे घेतल्यावर पुन्हा कैद, थेट १९८० पर्यंत. परदेशी पैसा हाच खरा आक्षेप असता, तर वांग यांना हात लावायचं कारण नव्हतं.

आपल्याकडेही चर्चच्या विश्वस्त संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवाव्या लागतात, हिशेब द्यावा लागतो, परदेशी देणगीला केंद्राची परवानगी लागते. या कायद्यांचा जाच होऊ शकतो आणि त्यावर बोललंच पाहिजे. मात्र रविवारी व्यासपीठावर कोण उभं राहणार, हे आयुक्त ठरवत नाहीत. चीनमध्ये १९७९ नंतर चर्चं उघडली, नानजिंगच्या छापखान्यात बायबलं छापली जाऊ लागली, आणि तरीही ते ठरवण्याचा हक्क पक्षाने सोडला नाही. २०१८ मध्ये धर्मखातं सरळ पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागाखाली आलं. त्याच वर्षी पेकिंगच्या नोंदणी नसलेल्या झायन चर्चने आत कॅमेरे बसवायला नकार दिला आणि त्याला टाळं लागलं. डिसेंबरात चेंगडूचे पाळक वांग यी पकडले गेले. राजसत्ता उलथवण्याची चिथावणी आणि बेकायदा व्यवसाय या आरोपांखाली त्यांना ९ वर्षांची शिक्षा झाली.