चढणीच्या माशाला वाट द्या!

आषाढ पौर्णिमा आली की आपल्या विहारांत वर्षावास सुरू होतो. भिक्खू चारिका थांबवून तीन महिने एका ठिकाणी राहतात. ही प्रथा का पडली, हे विनयपिटकात सांगितले आहे. पावसाळ्यात पायी फिरताना कोवळे गवत तुडवले जाते, बारीक जीव पायाखाली मरतात, अशी लोकांची तक्रार होती. ती तथागतांच्या कानी आली आणि त्यांनी वर्षावासाचा नियम घालून दिला. जीव जन्माला येण्याच्या काळात माणसाने आपले पाऊल आवरावे, हा त्याचा सरळ अर्थ.

याच दिवसांत आणखी एक प्रवास सुरू होतो. तो पाण्याखाली असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. भिक्खू थांबतो आणि मासा निघतो! तापी, गिरणा, पांझरेला पहिल्या पुराचे गढूळ पाणी आले की कितीतरी जातींचे मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. हेच चढणीचे मासे. ते हौसेने चढत नाहीत. काठावर पसरलेल्या उथळ पाण्यात पिल्लांना खाद्य आणि आडोसा मिळतो, म्हणून अंड्यांनी भरलेले पोट घेऊन मादी एवढे कष्ट घेते.

अशा प्रवासासाठी जगात सर्वांत प्रसिद्ध झालेला मासा म्हणजे सॅमन. मुंबईकडे रावसालाही कोणी कोणी ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण तो मासा वेगळा. खरा सॅमन थंड प्रदेशातला. तो डोंगरातल्या ओढ्यात, खडीमध्ये जन्मतो. थोडा मोठा झाला की नदीने खाली समुद्रात जातो. तिथे काही वर्षे खाऊनपिऊन धष्टपुष्ट होतो आणि मग एके दिवशी माघारी निघतो. कुठे? ज्या ओढ्यात जन्मला, त्याच ओढ्यात!

एवढ्या मोठ्या समुद्रातून त्याला घर सापडते कसे? अमेरिकेतील शास्त्रज्ञ आर्थर हॅस्लर यांनी १९५० च्या दशकात याचा शोध घेतला. प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला माती, दगड, झाडपाला यांचा स्वतःचा वास असतो. सॅमनचे पिल्लू तो वास लक्षात ठेवते आणि परतताना नदीत शिरले की त्याच वासाच्या मागाने जाते. नदीत शिरल्यावर सॅमन जवळपास काही खात नाही. अंगातल्या चरबीवर तो शेकडो मैल चढतो, धबधब्यांवरून उड्या मारतो. मादी शेपटीने खडी उकरून खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि पुन्हा खडीने झाकते. प्रशांत महासागराकडचे बहुतेक सॅमन त्यानंतर मरतात. त्यांच्या कुजलेल्या देहावर ओढ्यातले किडे पोसतात आणि ते किडे खाऊन पिल्ले वाढतात. मुलांच्या शिक्षणासाठी हाडांची काडे करणारे आईबाप आपण वस्तीत रोज पाहतो. त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आपल्याकडचे मासे अंडी घालून मरत नाहीत, पण त्यांनाही वाट लागतेच. नर्मदा-तापीच्या पाण्यातला महाशीर हा मोठ्या खवल्यांचा मासा दगडगोट्यांच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतो. बाजारात मिळणारे रोहू, कटला यांनाही पुराचे वाहते पाणी हवे असते. त्यांची अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. साचलेल्या पाण्यात हे मासे सहसा वीत नाहीत. म्हणूनच १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना ग्रंथीच्या रसाचे इंजेक्शन देऊन तळ्यात अंडी घालायला लावली, तेव्हा ती मोठी गोष्ट ठरली. आज धरणांत सोडले जाणारे मत्स्यबीज त्याच विद्येतून येते.

आता आपली तापी पाहा. मध्य प्रदेशातील मुलताईहून निघून ती ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. चांगदेवला पूर्णा तिला भेटते आणि त्याच्या खाली, भुसावळ तालुक्यात, हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उभे आहेत. गुजरातेत १९७२ साली सुमारे ८० मीटर उंचीचे उकाई धरण पूर्ण झाले. त्याचे पाणी नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरते. एवढी भिंत कोणता मासा चढणार? पांझरेवरील फड पद्धतीचे जुने बंधारे मात्र बुटके. पुराचे पाणी त्यांच्या माथ्यावरून वाहते. शेताला पाणी द्यावे, पण नदीची वाट पुरती तोडू नये, अशी ती रचना.

धरणे नकोत, असे आपण म्हणणार नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनीच दामोदर आणि महानदीच्या योजनांना चालना दिली. पाणी गरिबाच्या शेतात आणि घरात पोचावे, ही त्यांची तळमळ होती. पण गरिबात नदीकाठचा भोई आणि भिल्लही येतो. मासा संपला की त्याची चूलही थंडावते.

अमेरिकेत क्लॅमथ नदीवर अशीच चार धरणे होती. युरोक, करुक आदी आदिवासी जमाती दोन दशकांहून अधिक काळ त्याविरुद्ध लढल्या. २०२४ साली ती धरणे हटवली गेली आणि त्याच शरद ऋतूत सॅमन जुन्या धरणांच्या वर पोचला. शंभर वर्षांहून अधिक काळ त्या पाण्यात तो दिसला नव्हता. वाट मोकळी होताच मासा परतला!

आपल्या हातात धरण नाही, पण बाजाराची पिशवी आहे. सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात काही जातींचे मासे मारण्यास मनाई केली. चातुर्मासाच्या पौर्णिमा आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत आणि विकूही नयेत, असेही त्यात कोरले आहे. गाभण आणि पाजणाऱ्या शेळी-मेंढीलाही त्याने अभय दिले. बावीसशे वर्षांपूर्वीचा हा कायदा!

तेव्हा माता-भगिनींनो, मासे खाणे सोडा असे सांगण्यासाठी हा लेख नाही. पहिल्या पुरापासून वर्षावासाचा पहिला महिना सरेपर्यंत एवढेच करा. मासळीवालीला सांगा, “मावशी, अंड्यांनी भरलेली नदीची मासळी नको, तळ्यातली दे.” घरात सुकट-बोंबील असतोच. ओढ्यावर जाणाऱ्या मुलांना सांगा की पुराच्या तोंडाशी आडवे जाळे लावू नका. भोई बांधवांच्या सोसायटीत आपला माणूस असेल तर त्यानेही हा विषय काढावा. एका मादीच्या पोटात लाखावर अंडी असतात. ती आज वर पोचली, तर दिवाळीनंतर जाळे भरेल आणि भोयाचेही घर चालेल.

आपल्याला चवदार तळ्याच्या पाण्यापर्यंत पोचायला १९२७ सालापर्यंत वाट पाहावी लागली. अडवलेल्या वाटेचे दुःख आपल्याला ठाऊक आहे. ज्याला ते ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याची वाट अडवू नये.