ग्राफिक्स लायब्ररीतील रंगमूल्ये आणि दस्तऐवजीकरणाची दुरुस्ती : 'कैरो'चे उदाहरण

प्रस्तावना :
संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक रंग हा आज्ञावलीच्या दृष्टीने काही संख्यांचा समूह असतो. मात्र त्या संख्यांचा अर्थ लायब्ररीच्या दस्तऐवजीकरणावरूनच कळतो. ते अपुरे असेल तर आज्ञावली विनातक्रार चालते, पण चित्रातील रंग चुकतो. त्रुटिसंदेश येत नसल्याने विद्यार्थी आपल्याच तर्कात दोष शोधत राहतो. प्रस्तुत लेखात 'कैरो' या सी भाषेतील द्विमितीय ग्राफिक्स लायब्ररीच्या आधारे अशा दस्तऐवजीकरणाच्या दुरुस्तीचे विवेचन केले आहे.

बाइटांचा क्रम :
कैरोच्या 'एआरजीबी ३२' या स्वरूपात प्रत्येक चित्रबिंदू ३२ बिटांचा असतो. वरच्या ८ बिटांत अल्फा, म्हणजे अपारदर्शकतेचे मान, आणि त्यानंतर अनुक्रमे लाल, हिरवा व निळा हे घटक असतात. एवढेच वर्णन दिल्यास वाचक स्मृतीतही हाच क्रम गृहीत धरतो. वस्तुतः ही ३२ बिटांची संख्या त्या त्या संगणकाच्या स्वाभाविक बाइटक्रमाने साठवली जाते. इंटेलच्या प्रक्रियकांवर कनिष्ठ बाइट प्रथम येत असल्यामुळे स्मृतीतील क्रम निळा, हिरवा, लाल, अल्फा असा होतो. लाल व निळ्याची अदलाबदल झाल्यास २५५, १५३, ५१ हा केशरी रंग ५१, १५३, २५५ असा आकाशी होऊन बसतो.

पूर्वगुणित मूल्ये :
दुसरी संदिग्धता अधिक सूक्ष्म आहे. या स्वरूपात रंगघटक अल्फाने आधीच गुणलेले असतात. चित्रांच्या संयोगासाठी ही पद्धत थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये मांडली. तीनुसार अर्धपारदर्शक लाल रंग अल्फा १२८, लाल १२८ असा लिहावा लागतो. अल्फा १२८, लाल २५५ असा नव्हे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर योग्य मूल्याने लाल घटक १२८ अधिक १२७, म्हणजे २५५ होतो. चुकीच्या मूल्याने ही बेरीज ३८२ होऊन २५५ची मर्यादा ओलांडते.

याउलट, रेखाटनासाठी रंग ठरवणाऱ्या फंक्शनला ० ते १ दरम्यानची, अल्फाने न गुणलेली मूल्ये द्यावी लागतात. पीएनजी फाइलीतही मूल्ये न गुणलेली असतात आणि क्रम लाल, हिरवा, निळा, अल्फा असा असतो. एकाच आज्ञावलीत दोन संकेत नांदत असल्यामुळे एका ठिकाणचे स्पष्टीकरण दुसऱ्या ठिकाणी पुरत नाही.

दुरुस्तीचे स्वरूप :
कैरोच्या दस्तऐवजीकरणात या स्वरूपाच्या वर्णनालगत अर्धपारदर्शक लाल रंगाची योग्य संख्या व चुकीची संख्या अशा दोन्ही दिलेल्या आहेत. परिच्छेदभर व्याख्येने जे साधत नाही ते या एका उदाहरणाने साधते, कारण वाचक आपली संख्या लगेच पडताळू शकतो. दुरुस्तीचे उदाहरण निवडताना ते चुकीच्या गृहीतकाला उघडे पाडणारे असावे. पूर्ण अपारदर्शक पांढरा रंग येथे निरुपयोगी ठरतो. कोणताही क्रम वा संकेत मानला तरी त्याचे चारही घटक २५५ च राहतात.

निष्कर्ष :
रंगविषयक प्रत्येक नोंदीत घटकांचा क्रम, बाइटक्रम, मूल्यांची व्याप्ती आणि अल्फाचा संकेत या चार बाबी स्पष्ट असाव्यात. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत अशी नोंद तपासून दुरुस्त करणे हे आज्ञावलीतील दोष काढण्याइतकेच मोलाचे कार्य मानले जावे. आज्ञावलीतील दुरुस्तीने एक चित्र सुधारते. दस्तऐवजातील दुरुस्ती पुढील प्रत्येक वाचकाच्या उपयोगी पडते.